कुरणांना खत : वेळ कोणती, मात्रा किती ?

होळीचा सण उलटला की माळव्यातील व ग्वाल्हेर भागातील गोठ्यांत वैरणीची चिंता सुरू होते. खरिपाचा कडबा संपत आलेला असतो, गव्हाचा नवा भुसा अद्याप घरात यावयाचा असतो आणि गावच्या चरनोईवर पिवळ्या काड्यांखेरीज काही उरलेले नसते. अशा वेळी कुरणाला थोडे खत घातले तर गवत वाढेल काय, असा प्रश्न पशुपालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शेतीविषयक परदेशी ग्रंथांत कुरणांना वसंत ऋतूत खत द्यावे असा स्पष्ट सल्ला आढळतो. तो सल्ला त्या देशांपुरता अगदी योग्य आहे. परंतु तो जसाच्या तसा इकडील कोरडवाहू कुरणांना लावल्यास खत आणि पैसा दोन्ही वाया जातात. असे का होते हे नीट समजून घेतले म्हणजे खताची खरी वेळ कोणती हेही स्पष्ट होते.

थंड देशांतील वसंत

इंग्लंड, हॉलंड यांसारख्या देशांत हिवाळ्यात जमीन ओली असते, पण गारठलेली असते. जमिनीचे तपमान साधारणतः पाच-सहा अंश सेल्सिअसच्या वर गेल्याखेरीज तेथील गवताची वाढ सुरू होत नाही. वसंतात ऊब वाढू लागते, मुळे जागी होतात आणि पहिल्या काही आठवड्यांत गवत झपाट्याने नत्र शोषून घेते. नेमक्या त्याच वेळी खत हाताशी असावे म्हणून तेथील शेतकरी वसंतारंभी खत देतो. हॉलंडमध्ये तर याकरिता एक सोपा ठोकताळा रूढ झाला. १ जानेवारीपासून दररोजचे सरासरी तपमान घ्यावयाचे, शून्याखालील दिवस सोडून द्यावयाचे आणि उरलेल्यांची बेरीज करीत जावयाचे. ही बेरीज २०० अंशांवर पोहोचली की नत्रखताची पहिली मात्रा द्यावयाची. एखाद्या वर्षी हा दिवस लवकर येतो, एखाद्या वर्षी उशिरा. म्हणजे त्या शेतकऱ्यांचेही लक्ष दिनदर्शिकेवर नसून गवताच्या जागे होण्यावर असते.

वसंतातील खताच्या सल्ल्यामागील मूळ तत्त्व हेच आहे. गवताची वाढ ज्या कारणाने अडून राहिली असेल ते कारण दूर झाल्यावर, वाढीच्या अगदी आरंभी खत द्यावे. थंड देशांत वाढ अडते ती उबेअभावी. मध्य भारतातील उघड्या कुरणांवर ती अडते ओलाव्याअभावी.

इकडील गवताचा आरंभकाळ

माळव्यात आणि ग्वाल्हेरच्या परिसरात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. चैत्र-वैशाखात ऊब हवी तेवढी असते. परंतु जमिनीच्या वरच्या थरात ओल नसल्याने गवताचे ठोंब निद्रिस्त असतात. या अवस्थेत टाकलेल्या युरियाचा गवताला उपयोग होत नाही. तो पृष्ठभागावर पडून राहतो. मध्येच एखादी वळवाची सर आली तर तो विरघळतो, जमिनीतील जीवाणूंच्या क्रियेने त्याचा अमोनिया बनतो आणि पुन्हा कडक ऊन पडताच हा अमोनिया हवेत उडून जातो. माळव्यातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत हे नुकसान अधिक होते, कारण अशा विम्लधर्मी जमिनीत नत्र वायुरूपाने निसटण्याची प्रवृत्ती जास्त असते. जे काही उरते ते जूनमधील पहिल्या जोरदार पावसाबरोबर नाल्याला जाऊन मिळते.

कोरडवाहू कुरणाच्या दृष्टीने वाढीचा खरा आरंभ मृगाच्या सरींनी होतो. मृगाचा पाऊस हा बहुधा तुटक असतो. म्हणून पहिली सर पडताच घाईने खत टाकू नये. पाऊस स्थिर व्हावा, जमीन वीतभर खोल भिजावी, ठोंबांना हिरवे फुटवे येऊन ते चार-सहा बोटे वाढावेत आणि मग खत द्यावे. माळव्यात ही वेळ सामान्यतः आर्द्रा नक्षत्रात, तर ग्वाल्हेरकडे पाऊस थोडा उशिरा स्थिरावत असल्याने पुनर्वसूच्या सुमारास येते. खत शक्यतो संध्याकाळी, हलक्या पावसाची चिन्हे असताना टाकावे. मुसळधार पाऊस सुरू असताना किंवा कुरणात पाणी साचलेले असताना ते कधीही टाकू नये. गवताची पाने ओली असतील तर युरियाचे दाणे पानांना चिकटून ती करपतात, हेही ध्यानात ठेवावे.

ओलिताच्या चाऱ्याची गोष्ट वेगळी

विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर बारमाही चारा घेणाऱ्या शेतकऱ्यांना मात्र वसंतातील खताचा सल्ला पुरेपूर लागू पडतो. संकरित नेपियर हे गवत बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून तयार झालेले असून त्याची लागवड ठोंबांनी किंवा कांड्यांनी करतात. ते उष्णताप्रिय आहे. पौष-माघातील थंडीत, विशेषतः ग्वाल्हेरकडे, त्याची वाढ जवळजवळ थांबते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तपमान वाढू लागले की त्याला नवे फुटवे येतात. या वेळी जुनी वाळलेली धाटे जमिनीलगत कापून काढावीत, ओळींमधील जमीन चाळवावी, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि हेक्टरी सुमारे ३० किलो नत्र, म्हणजे ६५ किलो युरिया देऊन लगेच पाणी द्यावे. पुढे प्रत्येक कापणीनंतर इतकाच हप्ता द्यावा. होळीनंतरच्या टंचाईच्या दिवसांत हिरवी वैरण हाती येण्याचा हा भरवशाचा मार्ग आहे.

लसूणघास व बरसीम ही द्विदल पिके असल्याने त्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्वतःच स्थिर करतात. त्यांना युरियाचे हप्ते देणे हा अनाठायी खर्च होय. त्यांची गरज मुख्यतः स्फुरदाची असते आणि ते पेरणीच्या वेळीच दिलेले बरे.

खताआधी राखण

गावच्या चरनोईवर किंवा खाजगी बीडावर खत टाकण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे : तेथे खत घेण्याजोगे गवत उरले आहे काय ? दिल्ली, माळवा आणि दख्खनचे पठार अशा भिन्न प्रदेशांतील गवतांचा आढावा घेऊन पी. एम. दाबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ साली ‘दि ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात देशातील गवताळ प्रदेशांचे पाच मुख्य प्रकार मानले असून मध्य भारत व दख्खन यांचा मोठा भाग पवना आणि मारवेल या गवतांच्या प्रकारात मोडतो. ही दोन्ही बहुवर्षायू व जनावरांना आवडणारी गवते आहेत. सतत व बेसुमार चराई झाली की जनावरे प्रथम हीच गवते खातात. त्यांचे ठोंब दुबळे होऊन मरतात आणि त्यांची जागा कुसळी व निकृष्ट वर्षायू गवते घेतात. त्यानंतर गाजरगवत, तरोटा आणि घाणेरी यांचे राज्य सुरू होते.

अशा उजाड कुरणावर खत टाकल्यास ते तणांच्या कामी येते. शिवाय खताने आलेला कोवळा फुटवा जनावरे वर येताच ओरबाडतात आणि ठोंब आणखी दुबळा होतो. म्हणून पावसाच्या आरंभापासून निदान भाद्रपदापर्यंत चराई बंद ठेवणे, काटेरी झुडपे व घाणेरी मुळासकट काढणे आणि उतारावर समतल चर किंवा लहान बांध घालून पाणी मुरविणे, ही कामे खताच्या आधी झाली पाहिजेत. संपूर्ण चरनोई एकदम बंद करणे गावाला शक्य नसते. अशा वेळी तिचे चार भाग पाडून दर वर्षी एका भागाला पावसाळाभर विश्रांती द्यावी. चार वर्षांत प्रत्येक भागाला बी धरण्याची व ते जमिनीवर पडण्याची संधी मिळते. खत द्यावयाचे ते विश्रांती घेणाऱ्या भागालाच द्यावे.

मात्रा व हिशेब

कोरडवाहू नैसर्गिक कुरणासाठी साधारणतः हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद ही मात्रा पुरेशी मानली जाते. नुसत्या आकड्यांनी गोंधळ होण्याचा संभव असल्याने त्याचा हिशेब येथे दिला आहे.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून ४० किलो नत्रासाठी सुमारे ८७ किलो युरिया लागतो. युरियाची गोणी ४५ किलोची असते; तेव्हा हेक्टरी दोन गोण्यांना थोडा कमी, असे सोपे प्रमाण ध्यानात ठेवावे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असते. २० किलो स्फुरदासाठी १२५ किलो सुपर फॉस्फेट, म्हणजे ५० किलोच्या अडीच गोण्या लागतात. एकराच्या भाषेत सांगावयाचे तर एकरी ३५ किलो युरिया आणि सुपर फॉस्फेटची एक गोणी. सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधकही असते. गंधकाची उणीव असलेल्या जमिनीत हा अधिकचा लाभ होय.

नत्राचे दोन भाग करावेत. अर्धा भाग व संपूर्ण स्फुरद फुटवे आल्यावर द्यावे. उरलेले नत्र साधारण महिन्याने, पावसाची उघडीप पाहून आणि जमिनीत ओल असताना द्यावे. त्या वर्षी पाऊस दगा देत असल्यास दुसरा हप्ता देऊच नये. गोणी पुढील वर्षासाठी कोरड्या जागी ठेवावी. स्फुरद जमिनीत जागचे फारसे हलत नाही व मातीच्या कणांना धरून राहते. त्याचे हप्ते पाडण्याची आवश्यकता नाही. माळव्यातील काळ्या जमिनीत पालाश सामान्यतः पुरेसे असल्याने माती परीक्षणात उणीव दिसल्याखेरीज त्यावर खर्च करू नये. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेमुळे शेतकऱ्यांना माती परीक्षणाची चांगली ओळख झाली आहे. शेताबरोबर कुरणाच्या मातीचीही तपासणी करून घेण्याची सवय लावणे हितावह ठरेल.

शेणखत आणि द्विदल गवते

प्रत्येक पशुपालकाला गोणीचे खत परवडेलच असे नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणतः अर्धा टक्का नत्र असते. हेक्टरी पाच टन शेणखतातून २५ किलो नत्र जमिनीला मिळते. मात्र त्यातील थोडाच भाग पहिल्या वर्षी गवताच्या उपयोगी पडतो आणि उरलेला पुढील वर्षी हळूहळू सुटा होतो. शेणखत वैशाखाच्या अखेरीस पसरावे म्हणजे पहिल्या पावसाबरोबर ते मातीत मिसळते. अर्धकच्चे शेण टाकल्यास त्यातील तणांचे बी कुरणभर रुजते. उन्हाळ्यात कुरणावर रात्री मेंढ्या बसविण्याची जुनी रीत याच दृष्टीने शहाणपणाची आहे. लेंड्या व मूत्र दोन्ही जागच्या जागी पडतात आणि वाहतुकीचा खर्च येत नाही.

नत्राचा आणखी स्वस्त मार्ग म्हणजे गवतात द्विदल वैरण मिसळणे. स्टायलो हे द्विदल हलक्या व मुरमाड जमिनीतही तग धरते. त्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने सुमारे ८० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे बी बुडवून, वाळवून, पावसाच्या आरंभी हेक्टरी चार-पाच किलो या प्रमाणात पेरावे. बी खोल पुरू नये. वरवर टाकून काट्याची फांदी फिरविली तरी पुरते.

गवत आणि द्विदल एकत्र असलेल्या कुरणात मात्र नत्रखत जपून वापरावे लागते. या बाबतीत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील प्रयोग बोधप्रद आहे. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १८५६ साली तेथील एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकास वेगवेगळे खत देण्यास आरंभ केला. तो प्रयोग आजतागायत चालू आहे. ज्या तुकड्यांना कोणतेही खत दिले नाही तेथे गवत थोडे, पण वनस्पतींचे प्रकार पुष्कळ राहिले. ज्यांना स्फुरद व पालाश दिले तेथे द्विदल वनस्पती फोफावल्या. ज्यांना दर वर्षी अमोनियम सल्फेटच्या भारी मात्रा दिल्या आणि चुना दिला नाही, तेथे जमीन आम्ल बनली, द्विदले नाहीशी झाली आणि मोजकी एक-दोन गवते तेवढी शिल्लक राहिली. नत्राने उंच गवत जोरात वाढून ठेंगण्या द्विदलांवर सावली धरते, हे त्यामागील एक कारण. तात्पर्य, स्टायलो पेरलेल्या भागास स्फुरद द्यावे आणि नत्र अगदी बेताने किंवा मुळीच देऊ नये.

जनावरांची काळजी

खताचा हेतू जनावरांचे पोषण हा असल्याने त्याच खताने त्यांना अपाय होणार नाही, ही दक्षता सर्वांत महत्त्वाची आहे. युरिया खारट चवीचा असल्याने गुरे तो चाटतात. पोटात गेलेल्या युरियापासून रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या कोठ्यात वेगाने अमोनिया तयार होतो. जनावर थरथरते, लाळ गाळते, त्याचे पोट फुगते आणि थोड्याच वेळात ते दगावू शकते. म्हणून खताच्या गोण्या गोठ्यात ठेवू नयेत, रिकाम्या गोण्या पाण्याच्या हौदात धुऊ नयेत व सांडलेले खत तत्काळ झाडून घ्यावे. वरील लक्षणे दिसताच विलंब न करता पशुवैद्यकास बोलवावे. खत टाकल्यानंतर किमान तीन आठवडे त्या कुरणात जनावरे सोडू नयेत.

दुसरा धोका नायट्रेटचा. नत्राची भारी मात्रा दिल्यानंतर पावसाने ताण दिला किंवा बरेच दिवस ढगाळ हवा राहिली, तर ज्वारी, ओट, संकरित नेपियर यांसारख्या वैरणीत नायट्रेट साठून राहते. धाटाच्या खालच्या भागात ते सर्वाधिक असते. अशी वैरण उपाशी जनावरास एकदम भरपूर घालू नये. थोडी थोडी, सुक्या वैरणीत मिसळून द्यावी आणि कापताना बुडखा थोडा वर ठेवावा.

कापणी वेळेवर नसेल तर खत व्यर्थ

बहुतेक गावांत बीडाची कापणी दिवाळीनंतर, गवत पूर्ण वाळल्यावर करण्याची प्रथा आहे. गंज मोठी दिसते, पण तिच्यातील पोषण निघून गेलेले असते. कोवळ्या व फुलोऱ्यावर येणाऱ्या गवतात शुष्क वजनाच्या आठ ते दहा टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात. बी झडून गवत वाळले की हेच प्रमाण तीन-चार टक्क्यांवर उतरते. वैरणीतील प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की जनावराच्या पोटातील उपयुक्त जीवाणूंचे काम मंदावते आणि पोट भरूनही जनावर खंगत जाते. कुसळीसारख्या गवताची कुसळे तोंडाला व कातडीला बोचतात ते वेगळेच.

खत देऊन वाढविलेले गवत दिवाळीपर्यंत उभे ठेवणे म्हणजे विकत घेतलेले पोषण शेतातच घालविणे होय. निम्मे गवत फुलोऱ्यावर आले की कापावे. हे दिवस भाद्रपद-आश्विनात येतात आणि तेव्हा पावसाची धास्ती असते. म्हणून उघडीप साधून थोडे थोडे कापावे, दोन-तीन दिवस उलथून वाळवावे आणि हिरवट छटा असतानाच गंज रचावी. सुधारित बियाण्याची व कापणीच्या पद्धतींची माहिती झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेकडून मिळू शकते. ग्वाल्हेर भागास ही संस्था जवळची आहे.

शाळा व पंचायत यांचे कार्य

खताने आपल्या गावच्या कुरणात किती फरक पडतो, हे दुसऱ्याच्या आकड्यांवरून मानण्यापेक्षा गावातच पाहता येते. शाळेच्या आवारात किंवा कुंपणातील बीडावर सारख्या जमिनीचे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे दोन वाफे आखावेत. एकास पावसाच्या आरंभी ४३५ ग्रॅम युरिया व सव्वा किलो सुपर फॉस्फेट आणि महिन्याने पुन्हा ४३५ ग्रॅम युरिया द्यावा. दुसरा तसाच ठेवावा. फुलोऱ्याच्या वेळी प्रत्येक वाफ्यात एक चौरस मीटरची लाकडी चौकट पाच ठिकाणी ठेवून त्यातील गवत विद्यार्थ्यांनी कापावे, वाळवून वजन करावे आणि सरासरी काढावी. चौरस मीटरमधील ग्रॅमला दहाने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. सरासरी ३०० ग्रॅम आल्यास हेक्टरी ३,००० किलो, म्हणजे तीन टन वाळलेले गवत झाले. दोन वाफ्यांतील फरकाची गावच्या बाजारभावाने किंमत करून ती खताच्या खर्चाशी ताडून पाहिली की खत परवडते की नाही याचे उत्तर गावालाच मिळते. गणित, भूगोल व विज्ञान या तिन्ही विषयांचा पाठ त्यात आपोआप होतो.

पंचायतींची जबाबदारी याहून मोठी आहे. मध्य प्रदेश भू-महसूल संहिता, १९५९ मधील कलम २३७ अन्वये चराई आणि गवताचे बीड यांसाठी गावाची जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या ग्रामस्थांच्या उपयोगासाठी परत मिळवाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली दिला. कागदावरील चरनोई प्रत्यक्षात शाबूत राहिली, तिची हद्द आखली गेली आणि चराईचा क्रम ग्रामसभेत ठरला, तरच वर सांगितलेल्या उपायांना आधार मिळेल. ज्यांच्याजवळ स्वतःची जमीन नाही, पण एक गाय किंवा चार शेळ्या आहेत, अशा कुटुंबांना दुसरे कुरण नसते. राखणीच्या वर्षात त्यांनी कापलेले गवत डोक्यावरून नेण्याची मुभा प्रथम मिळावी, हे पाहणे पंचायतीचे कर्तव्य आहे.

चैत्रातील रिकाम्या गव्हाणीवरील उपाय चैत्रात सापडत नाही. तो आधीच्या आषाढात, भिजलेल्या जमिनीवर व राखलेल्या गवतावर योजावा लागतो. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या कुरणाचा निदान एक भाग राखण्यासाठी निश्चित करावा, त्या भागाच्या मातीची तपासणी करून घ्यावी आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास लागणाऱ्या खताची तजवीज वेळेवर करून ठेवावी.